वनस्पतिजन्य औषधे आणि अल्झायमर
(वार्षिक सभेतील भाषण)



काही महिन्यांपूर्वी बाह्यरुग्ण विभागात एक भगिनी आपल्या वृद्ध वडिलांना घेऊन आल्या. त्यांनी पिशवीतून ब्राह्मीच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल आणि गिंकोचा अर्क काढून माझ्यासमोर ठेवला. "डॉक्टर, सारे झाडपाल्याचेच आहे. गुण नाही आला, तरी अपाय तर होणार नाही ना?" असे त्यांनी विचारले. आपल्यापैकी अनेकांच्या मनात हाच प्रश्न असेल, म्हणून त्याचे उत्तर आज येथे देतो.

वनस्पतींनी या व्याधीवर औषध दिले आहे, हे प्रथम कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत स्मरणाला साहाय्यभूत असणारे ॲसिटिलकोलिन हे द्रव्य उणे पडते. स्नोड्रॉप या शुभ्र फुलाच्या वनस्पतीत सापडलेले गॅलँटमिन, त्या द्रव्याचे विघटन करणाऱ्या विकराला आवर घालते. १९५०च्या दशकात सोव्हिएत व बल्गेरियन संशोधकांनी त्याचा अभ्यास केला आणि २००१ साली अमेरिकेत ते अल्झायमरसाठी मान्य झाले. रिव्हास्टिग्मिन या दुसऱ्या औषधाचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबारच्या बीमध्ये आहे. ती बी मुळात जहाल विष होय! झाडापासून आलेले सारे निरुपद्रवी असते, हा समज येथेच गळून पडतो. ही औषधे काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य करतात. रोग समूळ नाहीसा करीत नाहीत.

मात्र प्रत्येक आशा कसोटीला उतरली नाही. गिंकोची परीक्षा अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर, सरासरी सहा वर्षे झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. हळदीतील कर्क्युमिनने प्रयोगशाळेत उत्तम आशा दाखविली; परंतु ते रक्तात फारच अल्प प्रमाणात पोहोचते, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या छत्तीस रुग्णांवरील चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. स्वयंपाकातील हळदीचा मान याने कमी होत नाही. परंतु फोडणीतील हळद आणि रोगावरचे औषध या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता त्या वडिलांविषयी. त्यांना हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. तिच्या जोडीला गिंको घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शिवाय खर्च झेपेना, म्हणून स्मृतीसाठी लिहून दिलेली गोळी महिनाभर बंद होती. पिशवी समोर आली, म्हणूनच हे कळले. आम्ही गिंको थांबविला आणि गोळी पुन्हा सुरू केली.

आप्तजनहो, जे काही देत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावणार नाही. देणगीदारांना माझी नम्र विनंती अशी की, आपले दान यंत्रसामग्रीइतकेच या संवादासाठी लागणाऱ्या वेळेलाही लाभावे. विस्मृतीच्या वाटेवर निघालेल्या माणसाला औषधाबरोबर, त्याची पिशवी शांतपणे पाहणारा कोणीतरी हवा असतो.