बर्फाखालचं नत्र आणि स्फुरद

 ऐन वैशाखात आपण अंटार्क्टिकातल्या टेलर दरीत जाऊन येऊ.

१९०३ च्या डिसेंबरात रॉबर्ट स्कॉट या दरीत उतरला. अंटार्क्टिका म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरं मैदान येतं, पण इथे उघडी जमीन आहे, दगडगोटे आहेत, आणि पाऊस जवळपास नाहीच. तीसेक किलोमीटरच्या या दरीत बॉनी, होर आणि फ्रिक्सेल ही तीन मोठी तळी आहेत. त्यांच्यावर बारमाही तीन ते पाच मीटर जाडीचं बर्फ असतं. खाली मात्र पाणी पाणीच राहतं. त्यात मासा नाही. तिथल्या अन्नसाखळीचा सगळा भार सूक्ष्म शैवालावर आहे.

अशा ठिकाणी कोणतं शैवाल जगणार हे थंडी आणि अंधार ठरवतात, असं आपण गृहीत धरतो. ते अर्धं खरं आहे. चार महिने सूर्य उगवत नाही, आणि उगवला तरी वरच्या प्रकाशाचा शेकडा पाच भागांहूनही कमी उजेड बर्फाखाली पोहोचतो. पण एकाच दरीतल्या शेजारच्या तळ्यांना थंडी तीच, सूर्य तोच. तरी त्यांतल्या शैवालाची उपासमार वेगवेगळ्या कारणांनी होते. हे कळलं ते बाटल्यांच्या प्रयोगांतून.

प्रयोग कागदावर सोपा आहे. बर्फाला भोक पाडायचं, हव्या त्या खोलीवरचं पाणी वर काढायचं आणि बाटल्यांत भरायचं. एका बाटलीत काही घालायचं नाही. दुसरीत नत्र, तिसरीत स्फुरद, चौथीत दोन्ही. (आपल्या शेतकऱ्याला हे शब्द शिकवावे लागत नाहीत, खताच्या गोणीवर छापलेलेच असतात.) खूण म्हणून किरणोत्सारी कार्बन टाकायचा आणि शैवालाने तो किती ओढून घेतला ते मोजायचं. जॉन प्रिस्कू या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये या भागातल्या दऱ्यांमधल्या तळ्यांबद्दलचे असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बॉनीमधलं शैवाल स्फुरदासाठी आसुसलेलं निघालं. फ्रिक्सेलमध्ये मात्र नत्राचीही टंचाई होती.

घरात पोतंभर तांदूळ आणि मूठभर डाळ असेल तर खिचडी डाळीच्या हिशेबानेच होते. बॉनीत नत्र पोत्याने आहे, स्फुरद चिमूटभर. समुद्रातल्या प्लवकांत नत्राचे १६ अणू असतील तर स्फुरदाचा एक, हे प्रमाण आल्फ्रेड रेडफिल्डच्या नावाने ओळखलं जातं. बॉनीच्या पाण्यात नत्राचं पारडं त्याहून कितीतरी जड आहे.

हा फरक आला कुठून? याचं उत्तर तळ्यात सापडत नाही, काठावर सापडतं, आणि मला या साऱ्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत आवडतो. दरीच्या वरच्या अंगाला, बॉनीच्या भोवतालची माती फार जुनी आहे. तिच्यातून सहज सुटणारं स्फुरद उरलेलंच नाही. खालच्या अंगाला, फ्रिक्सेलभोवती, गेल्या हिमयुगात समुद्राच्या बाजूने चढलेल्या बर्फाने आणून टाकलेला तुलनेने ताजा गाळ आहे, त्यात स्फुरद जास्त. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी बर्फ कुठवर चढून थांबलं, त्यावर आजच्या सूक्ष्म जीवांचा शिधा ठरतो.

दुसरी भानगड ओढ्यांची. उन्हाळ्यात सहा ते दहा आठवडे हिमनद्यांचं पाणी वाहतं. ओढ्याच्या तळाशी निळ्या-हिरव्या शेवाळाचे थर असतात, वर्षातले बाकीचे महिने वाळून पडलेले. पाणी आलं की थोड्याच वेळात ते कामाला लागतात आणि वाहत्या पाण्यातलं नत्र वाटेतच खातात. फ्रिक्सेलला मिळणारे ओढे लांब आहेत, त्यामुळे तळ्यापर्यंत नत्र पोचता पोचता बरंच संपतं. बॉनीचे ओढे आखूड.

आता तळ्याच्या आत बघा. वर बर्फाचं झाकण असल्यामुळे वारा पाणी घुसळू शकत नाही. खारट, जड पाणी खाली बसतं, गोडं वर तरंगतं, आणि खालच्या थरातली पोषणद्रव्यं अतिशय सावकाश वर झिरपतात. शैवालानेही त्याप्रमाणे मजले वाटून घेतले आहेत. बर्फाला लागून, जिथे उजेड बरा पण शिधा नाही, तिथे क्रिप्टोफाइट नावाचे दोन शेपट्यांचे पोहणारे जीव आहेत. होर आणि फ्रिक्सेलमध्ये तेच जीव जिवाणू गिळतानाही सापडले आहेत. प्रकाशसंश्लेषणही करायचं आणि शिकारही! बॉनीच्या पूर्व भागात १७ मीटर खोलीवर मात्र एक हिरवं क्लॅमिडोमोनास मिळालं. तिथे उजेड अगदी मंद आणि निळसर, पाणी खारट, पण खालून येणारं पोषण जवळ. हे शैवाल थंडीला इतकं सरावलेलं आहे की वीस अंशांच्या वर वाढतच नाही. त्याला आता प्रिस्कूंचंच नाव मिळालं आहे.

तळाचा प्रकार आणखी वेगळा. पाण्यात पोषण कमी असलं तरी गाळात ते साठतं, म्हणून होर तळ्याच्या तळावर नील-हरित शैवालाचे जाड गालिचे पसरतात. त्यांच्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकले की गालिच्याचे तुकडे सुटून वर तरंगतात आणि बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटून गोठतात. बर्फ वरून झिजतं, खालून नवं धरतं. काही वर्षांनी ते तुकडे तळ्याच्या पृष्ठभागावर वाळून पडलेले दिसतात.

हे झालं निसर्गाचं वाटप. बाहेरून शिधा वाढला की काय होतं? कॅनडाच्या उत्तरेला रेझोल्यूट बे इथे मेरेटा आणि चार ही दोन तळी जवळजवळ आहेत. मेरेटामध्ये १९४९ ते १९९८ एका मानवी तळाचं सांडपाणी जात होतं. चार स्वच्छ राहिलं. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दोन्हींची तुलना छापली. मेरेटाचं उत्पादन अर्थातच जास्त होतं. पण गाळाचे थर तपासल्यावर पुढे दिसलं ते अनपेक्षित होतं. समशीतोष्ण तळ्यात सांडपाणी गेलं की पाण्यात तरंगणारे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल वाढतात. इथे डायटमच्या जाती बदलल्या, पण सगळ्या दगडांना आणि तळाला धरून राहणाऱ्याच. वर्षातला बराच काळ बर्फ असलेल्या तळ्यात तरंगणाऱ्यांना वावच कमी. तेव्हा प्रकाशाला आपण मघाशी दिलेलं अर्धं श्रेय खरोखर त्याचंच आहे.

दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावरच्या हेवूड तळ्यात हेच काम फर सीलांनी केलं. शिकार थांबल्यावर त्यांची संख्या वाढली, ते बेटावर येऊन लोळू लागले आणि त्यांच्या विष्ठेने तळं पोषणाने भरलं. संवर्धनाचं यश एका तळ्याला असं महागात पडलं!

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. १९८१ ची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्यातून निघाली, आणि आज ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोलाच आहे. तिथल्या शिर्माकर टापूतल्या भारताच्या मैत्री तळाचं पिण्याचं पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्यातून येतं. अशा पोषण कमी असलेल्या पाण्यात थोडंसं नत्र-स्फुरदही चटकन उठून दिसतं. सांडपाण्याबाबत अंटार्क्टिका कराराच्या १९९१ च्या प्रोटोकॉलमधले नियम कडक आहेत ते उगाच नव्हे.

शेवटी पुन्हा टेलर दरी. २००१-०२ चा उन्हाळा तिथे अनपेक्षित उबदार गेला. ओढे दुथडी भरले, तळ्यांची पातळी वाढली आणि पाण्याबरोबर माती आली, म्हणजे पोषणही आलं. तरी त्या वर्षी पाण्यातल्या शैवालाचं उत्पादन घटलं, कारण गढूळपणाने उजेड अडवला. गाळ खाली बसल्यावर, पुढच्या काही वर्षांत, पाण्यातलं हरितद्रव्य वाढत गेलं. स्कॉटने बॉनीच्या दोन भागांमधला अरुंद गळा मोजला तेव्हा तो १७ फूट होता. आज तो त्याच्या कित्येक पट रुंद आहे, आणि चढणारं पाणी आता काठावरच्या त्याच जुन्या, स्फुरद संपलेल्या मातीला भिजवतं आहे.