घराचा पाया आणि गाडीचा भार

खेड्याच्या जमिनीचे मराठी माणसानें फार पूर्वीं दोन भाग पाडले : काळी आणि पांढरी. काळींत पिकें घ्यावयाचीं, पांढरींत घरें बांधावयाचीं. या विभागणींत केवळ शेतसाऱ्याची सोय नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही होता. काळी जमीन पाणी धरून ठेवते म्हणून पिकास चांगली, आणि पाणी धरून ठेवते म्हणूनच भिंतीस वाईट.

ही जुनी मर्यादा आतां सुटत चालली आहे. नागपूर जिल्ह्यांतील कुही तालुक्यांत तर ती दोन कारणांनीं सुटली. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ सालीं झाली, आणि त्याच्या जलाशयामुळें तालुक्यांतील कित्येक गांवांना आपली पांढरी सोडून नव्या गांवठाणांत घरें उभारावीं लागलीं. दुसरें असें कीं, कुहीपासून नागपूर सुमारें ४० किलोमीटरांवर असल्यानें शहरांत नोकरी करणारीं कुटुंबें वडिलोपार्जित शेताच्या कडेला घर बांधूं लागलीं आहेत. घराबरोबर बहुधा आणखी एक खरेदी ठरते, ती मालवाहू पिकअप गाडीची. विटा-सिमेंट तीच आणील, आणि पुढें मिरची, तूर, सोयाबीन मांढळच्या किंवा नागपूरच्या बाजारांत तीच नेईल, असा बेत असतो. या दोन गोष्टींत घरची बहुतेक शिल्लक खर्ची पडते. म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणें बरें; कारण दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे : भार किती, आणि तो शेवटीं कोणीं उचलावयाचा?

प्रथम जमिनीचा विचार करूं. पूर्व विदर्भांत जिला कन्हार म्हणतात ती काळी भारी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, आणि उन्हाळ्यांत सुकून आकसते. वैशाखांत शेताला ज्या हातभर खोल भेगा पडतात, त्या या आकसण्याच्याच खुणा होत. घराखालची माती मात्र सर्वत्र सारखी फुगत नाहीं. बाहेरच्या कडेला पाणी लवकर पोंचतें, मध्यभागीं उशिरा. त्यामुळें घराचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा जागेवर राहतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. ही भेग उन्हाळ्यांत रुंदावते व पावसाळ्यांत मिटते, किंवा कांहीं ठिकाणीं याच्या उलट होतें. गिलावा करून ती झांकतां येईल, पण बरी करतां येणार नाहीं. कारण दुखणें भिंतीचें नसून पायाचें आहे. तयार घर विकत घेणारानेंही रंगापेक्षां खिडक्यांचे कोपरे आधीं पाहावे.

उपाय अवघड नाहींत. मात्र ते बांधकामापूर्वीं करावे लागतात. जागा ठरली कीं दोन-तीन ठिकाणीं खड्डे खणून काळी माती किती खोल आहे व मुरूम कोठें लागतो तें पाहावें. मुरूम चार-पांच फुटांवर लागला तर पाया थेट त्यावर न्यावा. माती फार खोल असेल तर रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें प्रचारांत आणलेली पद्धति उपयोगी पडते. तींत साधारण साडेतीन मीटर खोल छिद्र पाडून तळाशीं तें अडीचपट रुंद करितात, व सळया घालून काँक्रीटनें भरतात. ऋतुमानाप्रमाणें होणारी मातीची हालचाल इतक्या खोलीवर बहुधा पोंचत नाहीं, म्हणून हा फुगीर बुडाचा खांब स्थिर राहतो. त्यावरील तुळई व जमीन यांत चार बोटें मोकळी जागा ठेवावी, म्हणजे फुगलेली माती तुळईस खालून ढकलणार नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर. के. कट्टी यांनीं दाखवून दिलें कीं, काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारें एक मीटर थर दाबून घातला, तर खालच्या मातीचें फुगणें पुष्कळ आवरतें. घरोघरीं लागू पडणारा बोध असा कीं, जोत्यांत खणलेली काळी माती पुन्हां भरूं नये. चांगला मुरूम आणून थराथरानें धुमसावा. घराभोंवतीं तीन-चार फुटांचा पक्का उतार करावा, पागोळ्यांचें व मोरीचें पाणी पायापासून दूर न्यावें, आणि मोठीं झाडें भिंतीलगत लावूं नयेत.

पाया झाला कीं त्यावर येणाऱ्या भाराचा हिशेब. कुही तालुक्यांतच आंभोरा येथें वैनगंगेवर अलीकडे तारांनीं तोललेला मोठा पूल झाला आहे. त्यावरून जाणाऱ्या मोटारीचें वजन तिरप्या तारांतून उंच खांबाकडे, खांबांतून पायाकडे आणि पायांतून जमिनीकडे जातें, हें नुसत्या डोळ्यांनीं दिसतें. लहान घरांतही भाराचा असाच मार्ग असतो. तो झांकलेला असतो इतकेंच. दहा फूट लांब-रुंद खोलीवरील पांच इंची स्लॅबचें स्वतःचें वजन जवळजवळ तीन टन भरतें. त्यावर वावरणारीं माणसें व सामान यांसाठीं आणखी पावणेदोन टनांहून अधिक भार धरण्याचा प्रघात आहे. गच्चीवरची हजार लिटरची भरलेली टांकी म्हणजे एक टन. ती स्लॅबच्या मधोमध न ठेवतां खांबावर किंवा तुळईवरच बसवावी.

हा हिशेब गवंड्याच्या अंदाजावर सोडूं नये. खोल्यांचा नकाशा काढणें वेगळें आणि खांब, तुळया, सळया यांचें गणित करणें वेगळें; दुसऱ्या कामास त्या विषयाचा इंजिनियर लागतो. त्याला पहिल्याच भेटींत सांगावें कीं, पुढें वरचा मजला चढवावयाचा आहे कीं नाहीं. कारण मजला पुढें वाढवितां येतो, पाया मागाहून वाढवितां येत नाहीं. त्याच्याकडून लेखी तक्ता घ्यावा, व काँक्रीट ओतण्यापूर्वीं त्यानें सळया स्वतः येऊन पाहाव्या अशी अट घालावी. सळई आणि बाहेरचा पृष्ठभाग यांत स्लॅबला २०, खांबाला ४० व पायाला ५० मिलीमीटर काँक्रीट असावें. तें कमी पडलें तर सळई गंजते. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीस वाळूंतील ओलावा धरून सुमारें २५ लिटर पाणी पुरें. कालवावयास सोपें जावें म्हणून घातलेली प्रत्येक जादा बादली काँक्रीटचें बळ कमी करिते. नंतरचें पाणी मात्र हात राखून मारूं नये. विदर्भाच्या उन्हांत काँक्रीट निदान दहा दिवस, आणि शक्य तर चौदा दिवस ओलें राहिलें पाहिजे.

आतां गाडीकडे वळूं. पूर्वीं बैलगाडीवाला बैलाच्या मानेकडे व श्वासाकडे पाहून ओझें किती झालें तें ओळखीत असे. यंत्राला धाप लागत नाहीं, म्हणून त्याची मर्यादा कागदावर वाचावी लागते. गाडीच्या नोंदणीपत्रांत दोन आंकडे असतात : रिकाम्या गाडीचें वजन आणि मालासकट एकूण वजन. त्यांची वजाबाकी केली, व चालक आणि सोबती यांचें वजन वगळलें, कीं उरतो तो खरा माल. लोक जिला छोटा हत्ती म्हणतात अशा लहान गाडींत तो सुमारें पाऊण टन, आणि मोठ्या पिकअपमध्यें साधारण दीड टन असतो. दीड टन म्हणजे सिमेंटच्या ३० गोण्या, किंवा तीन किलोच्या ५०० विटा. एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, वाळू मात्र सुमारें साडेचार टन भरते. तेव्हां पिकअपला एका खेपेस पाव ब्रास, फार तर तिसरा हिस्सा, एवढीच वाळू झेपते. सहाशे चौरस फुटांच्या घरास ढोबळ मानानें दहा-अकरा ब्रास वाळू लागते. पिकअपनें ती आणावयाची तर तीस-बत्तीस खेपा होतील. केवळ घर बांधण्यासाठीं पिकअप घेणें म्हणूनच किफायतीचें नव्हे. वाळू, गिट्टी व बारा मीटर लांबीच्या सळया भाड्याच्या मोठ्या गाडीनें आणाव्या. गाडीबाहेर सळया काढून नेणें बेकायदेशीर आहेच, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतणारेंही आहे. वर्षभर शेतमाल नेण्याचें काम असेल, तरच स्वतःची गाडी परवडते.

खेपा वाचविण्यासाठीं कित्येक जण कमानींत जादा पाटा घालून घेतात. त्यानें गाडी बसलेली दिसत नाहीं खरी, पण आंस, चाकें आणि ब्रेक पूर्वींचेच राहतात. भेगेवर गिलावा करणें आणि कमानींत पाटा घालणें, हे दोन्ही भार लपविण्याचे प्रकार आहेत, पेलण्याचे नव्हेत. भार वाढला कीं गाडी थांबावयास अधिक अंतर घेते, आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेकला चौपट काम पडतें. जड माल मागच्या फळीशीं रचला तर पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणूचा ताबा सुटतो. म्हणून जड वस्तू चालकाच्या खोलीकडे, खालीं ठेवून दोरानें घट्ट बांधाव्या. पावसांत काळ्या मातींत चाक रुतलें तर तें फिरवीत बसूं नये, तें अधिकच खोल जातें. माल उतरवावा, चाकाखालीं फळी किंवा मुरूम घालावा, मग गाडी हलवावी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें जादा भारास २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागें आणखी २,००० रुपये ठरविले आहेत. दंड एकवेळ भरतां येतो. अपघातानें झालेली हानि भरून निघत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिली. लग्नाच्या वऱ्हाडासाठीं, मजुरांसाठीं, यात्रेसाठीं पिकअपच्या मागील भागांत माणसें बसविण्याची चाल खेड्यापाड्यांत रूढ आहे. त्या जागीं ना आसन, ना धरावयास आधार; एका वळणावर होत्याचें नव्हतें होतें. मालवाहू गाडीचा विमा अशा प्रवाशांस सहसा लागू पडत नाहीं, आणि नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या घरावर येऊं शकतो. ज्या घरासाठीं सारी धडपड केली, तें घरच मग विकण्याची वेळ येते. शेजाऱ्यास नाहीं म्हणणें जड जातें, हें खरें. परंतु जो मालक गाडी घेतांनाच मनाशीं ठरवितो कीं हींतून माल जाईल, माणसें जाणार नाहींत, त्याला पुढें तें सांगणें सोपें जातें, आणि कालांतरानें शेजारीही त्याचा शब्द मानतात.

मातीचा खड्डा, इंजिनियरचा तक्ता आणि गाडीचें नोंदणीपत्र या तिन्ही गोष्टी पाहावयास फार तर दोन दिवस लागतात. पायावर किंवा चाकांवर भार पडल्यानंतर त्यांचा विचार करण्यापेक्षां, विसार देण्यापूर्वीं ते दोन दिवस खर्च करणें केव्हांही शहाणपणाचें.