पाचव्या फेरीतील गडी

अमेरिकेतील फुटबॉल हा पायांपेक्षा हातांनी अधिक खेळला जाणारा, अंडाकृती चेंडूचा खेळ होय, हे श्रोत्यांनी प्रथम ध्यानी घ्यावे. तेथील व्यावसायिक संघ दरवर्षी सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडून घेतात. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर, आयोवा विद्यापीठाचा जॉर्ज किटल घेतला.

इतक्या उशिरा का? महाविद्यालयीन सामन्यांत त्याने एकूण अवघे ४८ झेल घेतले होते. केवळ आकडे पाहणाऱ्यांना तो सामान्य वाटला, यात नवल नाही. परंतु आयोवाचा संघ चेंडू घेऊन धावण्यावर भर देणारा. तेथे ‘टाइट एंड’चे पहिले काम म्हणजे प्रतिपक्षाच्या धिप्पाड गड्याला रेटून वाट मोकळी करणे. ते किटल मन लावून करी. शिवाय चाळीस यार्ड तो ४.५२ सेकंदांत धावला होता. २४७ पौंडांच्या देहाला ही गती थोडी नव्हे.

नवे प्रशिक्षक काइल शॅनहन यांना नेमके हेच हवे होते. त्यांच्या डावात चेंडू घेतलेला गडी कडेच्या दिशेने पळतो, तेव्हा कडेचा प्रतिपक्षी टाइट एंडने थोपवायचा असतो. पुढच्या खेपेस आरंभ तसाच दिसतो. पण रेटण्याचा आविर्भाव करून तोच गडी निसटतो आणि झेल घेतो. ज्याला खरोखर रेटता येत नाही, त्याच्या सोंगाला कोण फसणार?

२०१८ च्या हंगामात किटलने १३७७ यार्ड मिळविले. टाइट एंडचा तो तेव्हाचा उच्चांक ठरला. संघाने मात्र त्या हंगामात सोळांपैकी चारच सामने जिंकले.