मैदानावरच्या लेकी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘नामवंत खेळाडू’. विषय ऐकून घरी हसे झाले. नातू म्हणाला, “आजी, तू कोणाविषयी बोलणार? तुला तर विराट कोहलीचा धावांचा हिशेबही सांगता येत नाही.” खरेच आहे ते. तेव्हा धावांचा आणि गुणांचा हिशेब त्याच्याकडेच राहू द्या. मी बोलणार आहे ती खेळाडूंच्या घरांविषयी, आणि त्यातूनही ज्या घरांतून मुली मैदानावर गेल्या त्यांच्याविषयी. मुलगी खेळायला निघाली म्हणजे पहिला सामना उंबरठ्यावरच होतो, हे तुम्हा-आम्हाला कोणी सांगायला नको.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला एका व्यक्तीने मिळवून दिलेले ते पहिले पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्त्या मारून ते कर्ज फेडले म्हणतात. पुढे ते पोलीस खात्यात गेले, १९८४ साली अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी! आपल्या देशात माणूस गेल्यावरच सरकारला त्याचा पत्ता सापडतो.

पण त्याच हेलसिंकीला त्याच वर्षी आपल्या चार मुली गेल्या होत्या, हे किती जणींना ठाऊक आहे? बंगालची नीलिमा घोष आणि आपल्या वांद्र्याची मेरी डिसोझा या धावायला. डॉली नाझीर आणि आरती साहा या पोहायला. आरती तर अवघ्या अकरा वर्षांची. आपल्या घरातली अकरा वर्षांची मुलगी एकटी दादरपर्यंत गेली तर आपण गॅलरीत येरझाऱ्या घालतो. हीच आरती पुढे १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून गेली.

मेरीचे मला विशेष वाटते. मोठ्या गोवेकर कुटुंबातली ही मुलगी हॉकीही उत्तम खेळे. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले, त्यात दोनशे मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले आणि चौघींच्या रिले शर्यतीत रौप्य. (त्याच खेळांत रोशन मिस्त्री या मुंबईच्या पारशी मुलीने शंभर मीटरमध्ये रौप्य घेतले, तिचे नाव तर आज कोणी घेतही नाही.) पुढल्या वर्षी मेरीची निवड हेलसिंकीसाठी झाली, पण जाण्याच्या खर्चाची तोंडमिळवणी होईना. मग वांद्र्याच्या शेजारपाजाऱ्यांनी आणि मित्रमंडळींनी काय करावे? नाचाचा एक जलसा केला, पत्त्यांचे डाव मांडले आणि त्यांतून पैसे जमवले. गोळेश्वरने वर्गणी काढली तशीच ही वांद्र्याची वर्गणी. एकीकडे तालमीतला गुलाल, दुसरीकडे पत्त्यांचा कॅट. माणसे मात्र तीच.

हेलसिंकीला मेरी शंभर आणि दोनशे अशा दोन्ही शर्यतींत पहिल्याच फेरीत बाद झाली. तेवढ्यासाठी का एवढा खटाटोप, असे म्हणणारे तेव्हाही असतील. दोन वर्षांनी, १९५४ साली मनिला येथे स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स, क्रिस्टीन ब्राऊन आणि मेरी या चौघींनी रिलेचे सुवर्णपदक आणले, तेव्हा त्या लोकांनी काय म्हटले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. यांतली स्टेफी पुण्याची. तिने १९५८ साली आशियाई खेळांत दोनशे मीटरचे रौप्य मिळवले, आणि हॉकीतही नाव काढले. मेरी कालांतराने अमेरिकेत जाऊन राहिली. सरकारने तिला ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ साली, तिने ऐंशी ओलांडल्यावर. खाशाबांपेक्षा ती भाग्याची, एवढेच म्हणायचे.

आता एका वेगळ्याच घरात चला. शंकर पांडुरंग पंडित म्हणजे मोठे विद्वान. तुकोबांच्या गाथेची जी जुनी, पाठभेदांसह छापलेली पंडिती प्रत म्हणतात, ती सिद्ध करण्यात त्यांचा हात. अथर्ववेदाचे संपादनही त्यांचे. त्यांची मुलगी क्षमा, जन्म १८९०. वडील वारले तेव्हा ती जेमतेम तीन-चार वर्षांची होती. तिचे पुढचे बालपण नातलगांच्या आधाराने गेले. विसाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईच्या डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी लग्न झाले. इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, पुढे संसार आणि मुले; खेळाडूंचा संबंध काय? तर या क्षमाबाई टेनिस खेळू लागल्या, आणि त्यांनी मुंबई इलाख्याचे विजेतेपद मिळवले ते १९२७ साली, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी. सदतिसाव्या वर्षी, भगिनींनो! आपण त्या वयात गुडघ्याला तेल चोळत बसतो.

आणि तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी गांधीजींच्या लढ्यावर संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली. ती १९३२ साली छापली गेली पॅरिसला. वडिलांचे चरित्रही त्यांनी संस्कृत पद्यात रचले. पंडिता क्षमाबाई राव म्हणून विद्वानांत त्यांचे नाव आहे, पण त्यांच्याविषयीच्या लेखांत टेनिस एका ओळीत उरकले जाते, जणू तो तरुणपणीचा एखादा छंद होता. मला तसे वाटत नाही. अनुष्टुभाचा श्लोक घोटून घोटून बांधायला जो दम लागतो, तोच सदतिसाव्या वर्षी कोर्टावर धावायला लागतो.

त्यांची मुलगी लीला राव. आईच्याच हाती ती तयार झाली असे म्हटले तरी चालेल. १९३४ साली ती विंबल्डनला गेली. पहिल्या फेरीत इंग्लंडच्या एका बाईंशी सामना. पहिला सेट लीलाने गमावला. दुसरा लांबत लांबत दहा-आठपर्यंत गेला, तो तिने घेतला. तिसऱ्यात समोरची थकली. विंबल्डनच्या हिरवळीवर सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत ती हरली. देशातली विजेतेपदे तिने पुढे अनेकदा मिळवली. तिने आपल्या आईच्या संस्कृत कथांची नाटके केली, इंग्रजी भाषांतरे केली, नृत्यावर ग्रंथ लिहिले. खेळाडूचा वारसा म्हणून आपण पदके मोजतो. या मायलेकींच्या घरात कोणाचा वारसा कोणाला मिळाला हे सांगणे कठीण आहे: आजोबांची पोथी नातीपर्यंत पोहोचली, आणि आईची रॅकेटही.

संस्कृतवरून आणखी एक घर आठवले. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राध्यापक दि. ब. देवधर हेही संस्कृतच शिकवीत. क्रिकेटमधील त्यांचा पराक्रम पुरुषमंडळी तुम्हाला जेवताना ऐकवतीलच. १९४०-४१ च्या मोसमात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. मला त्यांचे कौतुक निराळ्या कारणासाठी आहे. तारा, सुंदर आणि सुमन या आपल्या मुलींना त्यांनी बॅडमिंटन खेळू दिले, आणि त्या बहिणींनी त्या काळी देशात दबदबा बसवला. बाप खेळाडू असला म्हणजे मुलींना मुभा मिळतेच असे नाही. पुष्कळ खेळाडूंच्या घरी बॅट मुलाच्या हाती आणि पोळपाट मुलीच्या हाती असतो.

बहिणींचे दुसरे त्रिकूट खाडिलकरांचे: वासंती, जयश्री आणि रोहिणी. काकासाहेब खाडिलकरांच्या घराण्यातल्या या मुली, वडील नीळकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. आणि तेव्हापासून १९८३ पर्यंत दहाही वर्षे विजेतेपद या तिघींपैकी कोणा ना कोणाकडे होते. एका घरातल्या तीन मुली आणि एक पट! संध्याकाळी त्या घरात भांडण कशावरून होत असेल, पांढरी मोहरी कोणाची यावरूनच ना?

यांतली धाकटी रोहिणी. तेरा वर्षांची असताना, १९७६ साली, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि तिने काही राज्यविजेत्यांना हरवलेही. झाले, गहजब उडाला! मुलगी पुरुषांत कशी खेळते? प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून अडवता येणार नाही. हे युवे स्वतः एके काळचे जगज्जेते. गिरगावातल्या फ्रॉकमधल्या मुलीसाठी हॉलंडच्या माणसाला निकाल द्यावा लागला. बुद्धिबळात ना ताकद लागते ना उंची. तिथेही ही अडवणूक, मग ती कशासाठी होती ते तुम्हीच ओळखा.

हे झाले शहरातले, शिकल्यासवरल्या घरांतले. माण तालुक्यातले मोही हे गाव मात्र दुष्काळी मुलखातले. ललिता बाबर तिथली. शाळेत असताना खो-खो खेळायची, मग धावू लागली, मॅरेथॉन जिंकू लागली आणि पुढे अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे वळली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ दिली, तो त्या वेळी राष्ट्रीय विक्रम ठरला, आणि ती अंतिम फेरीत गेली. १९८४ साली पी. टी. उषा गेली होती, त्यानंतर धावपट्टीवरच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ही पहिली भारतीय स्त्री. मध्ये बत्तीस वर्षे गेली. अंतिम शर्यतीत ती दहावी आली. ज्या मुलखात पाण्याच्या घागरीसाठी बायकांचा दिवस जातो, तिथली मुलगी पाण्याचा खड्डा ओलांडण्याच्या शर्यतीत जगात दहावी आली, याचा विचार करताना मला हसू येते आणि गळाही दाटून येतो.

खो-खोचे नाव निघालेच आहे. हा आपला घरचा खेळ. त्याला ना रॅकेट लागते ना बूट. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो चषक घेतला. त्या दिवशी आपल्या आळीतल्या मुलींनी केवढा गलका केला होता! त्यांतली एक सुरेख पळते, तुम्ही तिला पाहिलेच आहे. नववीत गेल्यापासून तिचा खेळ बंद झाला आहे. संध्याकाळी शिकवणी असते, आणि अंधार पडल्यावर मैदान लांब पडते असे तिची आई म्हणते. तिच्या आईचे काही चुकत नाही. मैदान खरेच लांब आहे.

मंडळाचे अंगण मात्र लांब नाही. दोन खांब रोवण्यापुरती आणि पळण्यापुरती जागा मी काल चिटणीसबाईंबरोबर पावलांनी मोजून आले. तिथे सध्या पापडांचे वाळवण आणि सतरंज्यांच्या दोऱ्या असतात. संध्याकाळी पाच ते सात त्या काढून ठेवायला कोण कोण तयार आहे, त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत. खांबांचा खर्च या वर्षीच्या हळदीकुंकवाच्या शिलकीतून भागतो, असे खजिनदारबाई म्हणतात.