‘नुसता’ डॉक्टर

आमच्या आळीतल्या डॉक्टरांनी पंचाहत्तरीला दवाखाना बंद केला. निरोपाच्या दिवशी लोक पेढे घेऊन गेले. आपण काय गमावलं ते आमच्या घराला कळलं दोन महिन्यांनी. आईला लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास सुरू झाला. जवळच्या तरुण डॉक्टरांनी नीट तपासून गोळ्या लिहून दिल्या आणि रात्री तिचं सगळं अंग पुरळानं भरून गेलं. गोळी सल्फाची होती. आईला सल्फा चालत नाही, हे जुन्या डॉक्टरांना तीस वर्षं ठाऊक होतं. लक्षात ठेवायला ते आहेत, असं आम्ही धरून चाललो होतो. “कशाची ॲलर्जी आहे का?” असं नव्या डॉक्टरांनी विचारलं होतं. “नाही,” असं उत्तर आम्हीच दिलं होतं.

तेव्हापासून आम्ही घरचा डॉक्टर शोधतो आहोत. साखरेला एक डॉक्टर, गुडघ्याला दुसरे, हृदयाला तिसरे. तिघेही आपापल्या विषयात चांगले. पण तिघांच्या गोळ्या एका ताटात ठेवून, “यातली ही आता बंद करा,” असं सांगणारं कुणी नाही.

आपण सहज म्हणतो, डॉक्टर कमी पडतात. आकडे पाहा. २०१४ साली देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या, आज त्या लाखाच्या वर आहेत. आयुष डॉक्टर जमेस धरून दर ८११ माणसांमागे एक डॉक्टर आहे, असं केंद्र सरकार सांगतं. मग आपल्या गल्लीतला दवाखाना ओस का?

त्याचं उत्तर आपल्याच बोलण्यात आहे. मुलीसाठी डॉक्टर स्थळ आलं की आपण विचारतो, “पुढे काही केलंय, की नुसता एमबीबीएस?” या ‘नुसता’नं मोठं नुकसान केलं आहे. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीनं अहवाल दिला, तेव्हा तिच्यापुढे होता तो लोकांमध्ये राहून आजार बरे करणारा आणि ते होऊच नयेत म्हणून झटणारा पायाभूत डॉक्टर. एमबीबीएस ही त्याची पदवी. आज तीच पदवी पुढच्या प्रवेश परीक्षेची पायरी झाली आहे. आमचे जुने डॉक्टर नुसते एमबीबीएसच होते.

पैशाची वाटही त्याच दिशेनं जाते. आरोग्य विमा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना यांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर. पण रक्तदाब वेळीच आटोक्यात आणून तुम्हाला रुग्णालयापासून दूर ठेवणाऱ्या डॉक्टरच्या कामाला या हिशेबात जागा नाही.

शहरात ही गैरसोय आहे, खेड्यात संकट. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. तिथे येणारा तरुण डॉक्टर पुष्कळदा बंधपत्राचं एक वर्ष भरतो आणि पदव्युत्तर प्रवेश मिळताच निघून जातो. त्याला बोल लावून उपयोग नाही. पण २० हजार माणसांना दर वर्षी नव्यानं डॉक्टर शोधावा लागतो. मेळघाटातल्या बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. औषधं त्यांच्याकडेही इतरांसारखीच होती. पण ते दोघं तिथे राहिले.

हे राहणं मोजता येतं. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक नागरिकाला स्वतःच्या नावावर एक कुटुंबवैद्य मिळतो. तिथल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांमध्ये तातडीनं रुग्णालयात दाखल होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण, जेमतेम वर्षभराची ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळलं. आपले आजी-आजोबा ज्याला डॉक्टरांचा हातगुण म्हणत, त्यात या ओळखीचा वाटा मोठा असला पाहिजे.

उपाय कागदावर आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात कुटुंबवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला उत्तेजन देण्याची तरतूद आहे. ती महाराष्ट्राच्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात उतरली पाहिजे. आरोग्य केंद्रात तीन-चार वर्षं टिकणाऱ्या डॉक्टरला राहायला धड घर, मुलांना शाळा आणि पुढच्या शिक्षणात हक्काची जागा मिळाली पाहिजे. विम्याच्या पैशातला वाटा दवाखान्यापर्यंत पोचला पाहिजे.

हे होईल तेव्हा होईल. दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. तुमचे डॉक्टर साठीच्या पुढचे असतील, तर याच आठवड्यात त्यांच्याकडे जा. घरातल्या प्रत्येकाचे आजार, चालू औषधं, झालेल्या शस्त्रक्रिया आणि न चालणारी औषधं एका कागदावर लिहून घ्या. हा कागद आमच्याकडे असता, तर आईची ती रात्र टळली असती.

आणि दुसरी. गावात, गल्लीत एखाद्या तरुण डॉक्टरनं नवा दवाखाना थाटला, तर त्याच्या पाटीवरच्या पदव्या मोजू नका. किरकोळ तापासाठी आधी त्याच्याकडे जा, पुढच्या वेळीही त्याच्याकडेच जा. त्याला टिकू द्या. त्याच्याबद्दल बोलताना ‘नुसता’ हा शब्द तोंडातून काढून टाका, एवढंच मागणं मागतो आणि थांबतो.