बारापैकी तीन रजिस्टरे झाली



मला संगणकावर बोलावयास सांगितले आहे. मी वर्गात शिकविणारा साधा शिक्षक. म्हणून आपल्या सर्वांच्या ओळखीच्या जागेपासून, म्हणजे शाळेच्या कार्यालयापासून सुरुवात करतो.

प्रवेशाचे दिवस आले की वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, कुठल्याही जुन्या शाळेच्या खिडकीशी पालक उभे दिसतात. कुणी बागवान, कुणी मोमीन, कुणी पिंजारी. मुलीसाठी जातीचा दाखला हवा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. तो पुरावा पुष्कळदा आजोबांच्या नावाने दाखल-खारीज रजिस्टरात दडलेला असतो. आजोबांचा नोंद क्रमांक कुणाला ठाऊक असणार? नावही एके ठिकाणी ‘शेख करीम’, दुसरीकडे ‘शे. करीम’, तिसरीकडे नुसते ‘करीम वल्द रहीम’. मग बाबूंना पहिल्या पानापासून शोधावे लागते.

मी असे दोन बाबू पाहिले आहेत. पहिले काही न बोलता आत जात. पालक तासभर उभा राही आणि घडीघडी विचारी, “बाबूजी, सापडले का?” उत्तर द्यावयास ते उठत, पान चुके, शोध पुन्हा मागे जाई. दुसरे बाबू म्हणत, “चाचा, बारा रजिस्टरे आहेत. तीन झाली. बसा सावलीत.” शोधण्याचा वेग दोघांचा सारखाच. पण दुसऱ्यांच्या खिडकीशी गलका नसे.

संगणकातील माहितीचा साठा, ज्याला डेटाबेस म्हणतात, तो असाच रजिस्टरांचा ढीग आहे. दहावीच्या परीक्षेला राज्यात पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात. तरी बैठक क्रमांक टाकताच एकाचा निकाल क्षणात समोर येतो, कारण त्या क्रमांकांची सूची आधीच तयार असते. जिथे सूची नाही, तिथे यंत्रालाही पहिल्या ओळीपासून वाचीत जावे लागते. त्याला वेळ लागतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पडद्यावर फिरणाऱ्या चाकाबद्दल. ते चाक बहुधा आपल्याच मोबाइलात फिरत असते. दूरच्या यंत्रावर काम चालू आहे की बंद पडले, हे त्याला ठाऊकच नसते.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. सोयाबीन काढणीचे दिवस. एक पालक मजुरी बुडवून माझ्याबरोबर अर्ज भरावयास आले होते. बटन दाबले, चाक फिरू लागले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. घाबरून आम्ही पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. परिणाम असा, की एका मुलाचे दोन अर्ज नोंदले गेले आणि पुढे दुबार म्हणून दोन्ही अडकले. ते मिटवावयास आणखी दोन दिवसांची मजुरी गेली. त्या गृहस्थांना ‘अर्ज पोचला, नोंद चालू आहे’ एवढे एक वाक्य दिसले असते तर! शिवाय पुन्हा दाबल्याने पहिले काम थांबतेच असे नाही. दुसरे त्याच्या पाठीमागे उभे राहते आणि गर्दी वाढते.

ही गोष्ट जाणकारांना नवी नाही. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच प्रयोग करून दाखविले, की काम किती टक्के झाले हे सांगणारी पट्टी लोकांना हवी असते. दहा सेकंदांपलीकडे माणसाचे लक्ष टिकत नाही, असे जेकब नीलसन यांनी १९९३ साली लिहिले.

आता संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडे. डेटाबेसला एकच मोठा हुकूम दिला तर तो सहसा काम संपल्यावरच बोलतो. म्हणून एकूण नोंदी आधी मोजाव्या, काम हजार-हजार नोंदींच्या तुकड्यांत करावे, प्रत्येक तुकड्यानंतर आकडा लिहून ठेवावा आणि पडद्याने तो आकडा वाचावा. मात्र फीच्या हिशेबासारखे काम असे तोडू नये. ते पूर्ण व्हावे नाही तर मुळीच होऊ नये. काही डेटाबेस आता स्वतःच माहिती देतात. पोस्टग्रेएसक्यूएल नावाचा डेटाबेस २०१९ च्या बाराव्या आवृत्तीपासून सूची बनविताना किती भाग झाला ते सांगतो.

एकूण किती हेच ठाऊक नसेल, तर खोटे टक्के दाखवू नयेत. कित्येक पट्ट्या नुसत्या घड्याळावर चालतात, म्हणून त्या ९९ वर येऊन ताटकळतात. त्यापेक्षा ‘चार हजार नोंदी पाहिल्या, शोध चालू आहे’ हे बरे. आणि काम फारच लांबणार असेल तर बाजार समितीत माल आणणाऱ्याला देतात तसा नंबर द्यावा, म्हणजे माणूस घरी जाऊन उद्या चौकशी करील.

दुसऱ्या बाबूंची एक सवय सांगावयाची राहिली. मध्येच साहेबांनी हाक मारली की ते चालू पानात कागदाची पट्टी घालून उठत. परत आल्यावर शोध तिथूनच पुढे. आपल्या जुन्या नोंदी संगणकात चढविण्याचे काम उद्या तुमच्यापैकीच कोणाकडे येईल. तेव्हा त्या पट्टीची सोय करा, आणि खिडकीबाहेरच्या चाचांना कितवे रजिस्टर चालू आहे ते दिसू द्या.