शिडाचे शास्त्र आणि पिढीजात विद्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात हिवरखेड येथे, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



विद्यार्थ्यांना रुचेल अशा एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज्ञा केली. तिचा मान राखून आम्ही होडीच्या शिडाचा विषय निवडला आहे. ज्या गावापासून समुद्र चारशेहून अधिक किलोमीटर दूर, तेथे शिडाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या वाऱ्यावर आपण खळ्यात धान्य उपणतो, त्याच वाऱ्यावर कोकणचा कोळी पिढ्यान् पिढ्या होडी हाकीत आला. आणि त्याचे शीड होत असे तेही कापसाच्या सुताचे. मुंबईतील डोंगरी या भागावरून ज्या जाड्याभरड्या कापडास नाव मिळाले, त्या कापडाची शिडे शिवीत. वारा आणि कापूस या दोन्ही वस्तू आम्हां वऱ्हाडवासीयांच्या नित्य ओळखीच्या आहेत.

शिडाचे कार्य दोन प्रकारांनी चालते. वारा पाठीमागून येत असेल तर तो शिडाला नुसता ढकलतो. हे लहान मुलासही समजते. परंतु वारा बाजूने किंवा तिरकस समोरून येत असताही होडी पुढे जाते, ती कशी? उन्हाळी वावटळीत टिनाचे छप्पर उडते, तेव्हा वारा केवळ खालूनच रेटा देत नाही. छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि पत्रे वर खेचले जातात. फुगलेल्या शिडाच्या बाहेरच्या अंगास असाच कमी दाब उत्पन्न होतो व शीड तिकडे ओढले जाते. ही ओढ काहीशी पुढे आणि बरीचशी बाजूला असते. होडीचा पाण्यात बुडालेला भाग बाजूला सरकण्यास विरोध करतो, म्हणून होडी पुढे सरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. म्हणूनच वादळात अनुभवी तांडेल प्रथम शीड लहान करतो.

आता शिडांची तुलना करू. आडव्या वाशावर टांगलेले चौकोनी शीड सर्वांत जुन्या प्रकारांपैकी आहे. तिरक्या लांब वाशाला बांधलेले त्रिकोणी शीड आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रूढ होते. पुष्कळदा त्याचे पुढचे टोक छाटलेले असे, आणि मचव्याची डोलकाठी पुढे झुकलेली असे. चिनी शिडात बांबूच्या आडव्या कामट्या असतात. त्यामुळे ते पंख्यासारखे मिटते आणि एकट्यादुकट्यालाही आवरता येते. पॅसिफिक महासागरातील बेटांवर तर खेकड्याच्या नांगीच्या आकाराचे शीड प्रचारात होते.

यांत श्रेष्ठ कोणते? येथे आमच्यातील जुना शिक्षक जागा होतो आणि फळ्यावर गणित मांडू पाहतो. कोणतीही होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. तिला नागमोडी जावे लागते. वाऱ्याच्या उगमाकडे १० किलोमीटर जायचे आहे असे समजा. होडी वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन साधू शकली तर तिला सुमारे १४ किलोमीटर कापावे लागतील. ६० अंशांचा साधला तर २०, आणि ७० अंशांचाच साधला तर सुमारे २९. कोनातील थोड्या फरकाने अंतर दुप्पट होते. आजच्या शर्यतीच्या नौका ४५ अंशांच्या आसपास जातात. जुन्या शिडांना तो पल्ला सहसा गाठता येत नसे.

एवढ्यावरून जुनी शिडे टाकाऊ ठरविणे मात्र घाईचे होईल. चौकोनी शीड मागासलेले आणि त्रिकोणी शीड प्रगत, असे विद्वानही दीर्घकाळ समजत. ज्यूलियन व्हाइटराइट या संशोधकाने २०११ साली प्राचीन भूमध्य समुद्रातील प्रवासांचे वृत्तान्त आणि प्रतिकृती नौकांच्या सफरी पडताळून दाखविले की, प्रत्यक्ष प्रवासात त्या दोहोंच्या कामगिरीत फारसे अंतर नव्हते. त्रिकोणी शिडाची एक अडचणही आहे. दिशा बदलताना तो लांबलचक वासा डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगास न्यावा लागतो आणि त्यास माणसे पुष्कळ लागतात.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या किनाऱ्यावर वाराच वेळापत्रक पाळतो. भूगोलाच्या पुस्तकातील मतलई आणि खारे वारे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेतच. पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्याने बाहेर पडावे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याने घरी परतावे, असा कोळ्यांचा क्रम असे. मोठ्या प्रवासातही मोसमी वारे वर्षातून दोनदा दिशा पालटतात. ज्याला वाऱ्याची वेळ कळते, त्याला वाऱ्याशी झुंजण्याचे प्रसंग थोडे येतात.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्खाय या पोलिश वंशाच्या शास्त्रज्ञाने वातबोगद्यात, म्हणजे मोजून वारा सोडता येतो अशा बंदिस्त जागेत, निरनिराळ्या शिडांचे नमुने तपासले. बाजूच्या वाऱ्यावर बेटवासीयांचे ते नांगीच्या आकाराचे शीड आधुनिक शिडाहूनही सरस ठरले. त्याच्या तिरक्या कडांवरून हवेचे भोवरे निघतात आणि ते ओढ वाढवितात. कॉन्कॉर्ड विमानाच्या त्रिकोणी पंखांवर हेच तत्त्व योजिले होते. ज्यांनी हे शीड घडविले त्यांच्याजवळ ना प्रयोगशाळा होती, ना समीकरणे. समुद्र हीच त्यांची परीक्षा होती, आणि अनुत्तीर्ण होणारा बहुधा परत येत नसे.

आता आपल्या शेजारच्या अजिंठ्याकडे वळू. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्यास तीन डोलकाठ्या व तीन उंच शिडे आहेत. हे चित्र सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतील मानतात. त्याच चित्रावरून भारतीय नौदलासाठी ‘कौंडिण्य’ ही नौका गोव्यात बांधली गेली. तिच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवल्या आहेत आणि शिडे चौकोनी आहेत. मे २०२५ मध्ये कारवार येथे ती नौदलात दाखल झाली. डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली.

या उपक्रमातील एक गोष्ट प्रत्येक पालकाने ध्यानी घ्यावी. चित्र शिल्लक होते, परंतु आराखडा नव्हता. मापे कोणी लिहून ठेवली नव्हती. मद्रासच्या आय. आय. टी. मधील तज्ज्ञांना नमुना करून त्याची परीक्षा घ्यावी लागली. फळ्या शिवण्याची विद्या केरळातील कारागिरांच्या हाती जिवंत होती, म्हणूनच काम पार पडले. ते हातही नसते, तर केवळ चित्राच्या आधारे नौका उभी राहिली नसती.

तात्पर्य, पूर्वजांचे ते सारे श्रेष्ठ असा अभिमान खरा नव्हे, आणि जुने ते सारे अडाणी ही तुच्छताही खरी नव्हे. दोहोंस मोजमापाची कसोटी लावली पाहिजे. परंतु मोजण्यासाठी ती विद्या प्रथम शिल्लक उरली पाहिजे! कोकणात होड्यांना यंत्रे बसली आणि एकदोन पिढ्यांत शिडे उतरली. आपल्याकडेही बैलगाडीचे चाक घडविणारे, मोटेची चामडी शिवणारे, आकाश पाहून पेरणीची वेळ सांगणारे वृद्ध आज मोजकेच उरले आहेत. त्यांचे म्हणणे बरोबर की चूक, हे पुढे ठरेल. आज ते लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे की, पुढील वर्षापासून स्मरणिकेतील दोन पाने या कामासाठी राखून ठेवावीत. आज सत्कार झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने सुटीत आपल्या घरच्या वा गावच्या एका वृद्धाजवळ बसावे आणि त्यास अवगत असलेले एक कसब मापांसह व आकृतीसह लिहून आणावे. कोणत्याही जातीचा कारागीर असो, विद्येला सोयरसुतक नसते. लेखन शुद्ध करून देण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू.